राईबाहेर उभं राहून लिहिलेली मापं

बाई,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा ऑफिसच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. टेबलावर ठेवलेला तुमचा फोटो चष्म्याशिवायचा होता, त्यामुळे तुम्ही तुमच्यासारख्या दिसतच नव्हतात. एकामागून एक लोक उठले आणि सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: माणच्या पुढचं ते गेस्ट हाऊस, आणि त्यासाठी बाईंनी एकही झाड तोडू दिलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहिलो. "बाईंनी मला काम शिकवलं," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. आलंही होतं. पण गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. त्या गेस्ट हाऊसबद्दल मला जे सांगायचं होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. खरं म्हणजे तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगावं असंच ते नव्हतं.

मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील पिंपरीतल्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते, आणि टेबलाशी बसून पगार घेणारा आमच्या घरातला मी पहिलाच. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. अक्षर चांगलं, रेघ सरळ, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज. तुम्ही कंपनीच्या आर्किटेक्ट, आठवड्यातून तीन दिवस पुण्याहून यायचात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही डोंगराकडच्या एका जागेच्या माझ्या नकाशावर बोट ठेवलंत. मी छापाच्या पट्टीनं सारखे गोल काढून त्यांत हिरवा रंग भरला होता.

"हे काय आहे?"

"झाड आहे, बाई."

"कुठलं?"

मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. "झाड," मी पुन्हा म्हणालो.

"ओव्हाळ, उद्या जाऊन बघून या आणि मग काढा. जे बघितलं नाही ते काढायचं नाही."

राग आला होता. पण गेलो. नावं कुणाला विचारायची हे कळेना, म्हणून प्रत्येक झाडाचं एकेक पान जेवणाच्या डब्यात भरून घरी आणलं. आईचं माहेर माणचं. तिनं ती पानं चुलीसमोर मांडली आणि पत्ते ओळखावेत तशी ओळखली. "ह्यो ऐन. ह्यो बिब्बा, हात लावू नगंस, उतंल. आन ह्यो हिरडा. ह्येची फळं येचायला आमी डोंगराला जायचो." दुसऱ्या दिवशी मी नावानिशी झाडं काढली. तुम्ही कागद पाहिलात, मान हलवलीत आणि विचारलंत, "कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "आईनं." "त्यांना भेटायला हवं," तुम्ही म्हणालात. लोक असं म्हणतात तसंच म्हणताय, असं मला वाटलं.

गेस्ट हाऊसचं काम निघालं ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मशिनं बसवायला परदेशातून माणसं येत, त्यांना राहायला जागा हवी होती. कंपनीनं माणच्या पुढे डोंगराच्या उतारावर जमीन घेतली. वाकडवरून, हिंजवडीवरून कच्च्या रस्त्यानं जीप जायची आणि शेवटचा अर्धा मैल चालावं लागायचं. मॅनेजरसाहेबांच्या मनात दुमजली इमारत होती, सपाट स्लॅबची, समोर लॉन आणि लॉनच्या मध्ये कारंजं. तुम्ही पहिल्या दिवशी तिथं जाऊन एका खडकावर बसलात आणि दुपारपर्यंत काहीच केलं नाही. मी टेप आणि होकायंत्र घेऊन ताटकळत उभा. शेवटी विचारलं, "सुरुवात कुठून करायची?"

"आधी पाणी कुठून येतं ते बघू," तुम्ही म्हणालात.

पाणी येत होतं वरच्या राईतून. आमच्या हद्दीला लागूनच ती देवीची राई होती, भोवती कंबरभर उंचीचा दगडी गडगा. आत ऐन, बेहडा, जांभूळ, आणि झाडांवरून झाडांवर चढलेली गारंबीची जाडजूड वेल. कितीतरी पिढ्यांत कुणी फांदी मोडली नव्हती. राई कंपनीची नव्हती, पण तिची सावली आमच्या जमिनीवर पडत होती, तिची मुळं आमच्या जमिनीत आली होती आणि तिचा झरा आमच्या उतारावरून वाहत होता. तुम्ही मला समजावून सांगितलंत, की घर झाडांमध्ये बसवायचं तर आधी झाडं कागदावर नीट बसली पाहिजेत. कुठल्या झाडाचा घेर किती, दुपारी सावली कुठं पडते, पावसाळ्यात पाणी कुठून उतरतं. आमच्या हद्दीतली झाडं मापायला आठ दिवस गेले. तसे आठ दिवस मला आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत. तुम्ही टेपचं एक टोक धरायचात, मी दुसरं. मी आकडा ओरडायचो, तुम्ही लिहायचात.

नवव्या दिवशी आपण राईपाशी गेलो. गडग्यावर धोंडिबा बसला होता. देवीची दिवाबत्ती त्याच्या घराण्याकडे होती. आपल्याला मापं का घ्यायची आहेत ते तुम्ही त्याला नीट सांगितलंत. झाड तोडायचं नाही म्हटल्यावर तो खूश झाला. मग माझ्याकडे वळला.

"तुझं नाव काय रं?"

"अशोक."

"आशोक काय?"

"ओव्हाळ."

"कुठला म्हनायचा?"

"पिंपरीचा. आई माणची." मी आजोबांचं नाव सांगितलं. मलाच वाटलं, ओळख निघाली तर बरं.

ओळख निघाली. धोंडिबाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेवटची बस निघून गेली असं एखाद्याला सांगावं तितक्या सहज तो म्हणाला, "मग तुला ठावं आसंलच की. तू गडग्याच्या भायेर थांब बाबा. बाईस्नी जाऊ दे. देवीचं हाय ह्ये, आमच्या हातात काय न्हाई."

मी तुमच्याकडे पाहिलं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होतो. घरात देवीचा फोटोसुद्धा नव्हता, त्या राईतल्या दगडाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आत जायची मला हौस नव्हती. पण तुम्ही काय बोलता याची मी वाट पाहत होतो.

तुम्ही गडग्याकडे पाहिलंत. मग माझ्या हातातला टेप घेतलात. "मी आत जाते. तुम्ही इथून लिहून घ्या," म्हणालात. चपला काढल्यात आणि गडगा ओलांडून आत गेलात. टेपचं दुसरं टोक धोंडिबानं धरलं.

तीन तास तुम्ही आतून आकडे ओरडत होतात. "ऐन, घेर पाच फूट दोन!" आणि मी बाहेरून, आपल्या पद्धतीप्रमाणे, ऐकला तसाच परत म्हणत होतो, "ऐन, पाच फूट दोन!" एकही आकडा मी चुकीचा लिहिला नाही. नंतर कितीतरी दिवस मला तुमच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता तो त्यामुळे. वही फेकून निघून जावं, असं त्या तीन तासांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

परतताना मी जीपमध्ये मांडीवर वही घेऊन मागे बसलो. वाकडचा पूल आल्यावर तुम्ही म्हणालात, "उद्या मला मापं शाईनं हवीत."

मी दोन दिवस रजा टाकली. तिसऱ्या दिवशी आलो तर माझ्या टेबलावर तुम्ही स्वतः काढलेला नवा आराखडा होता. सगळं फिरवलेलं. तीन खोल्या इकडे, तीन तिकडे, तोंड दरीकडे, आणि राईच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या दगडाची बंद भिंत. एक झरोकासुद्धा नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"त्या राईकडे माझ्या घराची खिडकी उघडणार नाही," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे बघत नव्हतात.

त्यावर मी जो आवाज चढवला तो ऑफिसात सगळ्यांनी ऐकला. मी म्हणालो, "तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही भिंत घालताय, बाई. त्यात मला काय मिळालं? मी गडग्याबाहेर होतो, आता गेस्ट हाऊसही बाहेर, एवढंच."

"मग मी काय करायला हवं?"

"उघडं ठेवा. माझी आई लहानपणी त्या गडग्यापर्यंत रोज जात होती. आत काय आहे ते तिनं जन्मात बघितलेलं नाही."

तुम्ही पेन्सिल टेबलावर आपटलीत. "तुम्हाला वाटतं मला हे कळत नाही?"

"कळतं," मी म्हणालो. "पण कळायला तुम्हाला उशीर झाला."

दुसऱ्या कुठल्याही साहेबानं मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुम्ही आराखड्याची घडी घातलीत आणि विचारलंत, "तुमची आई रविवारी घरी असते का?"

तुम्ही खरंच आलात. आमची एक खोली आणि पुढची पडवी. बसायला खुर्ची एकच होती, ती आईनं पदरानं पुसून दिली. तुम्ही ती बाजूला सरकवून आईसमोर जमिनीवर बसलात. आईनं कोरा चहा केला, दूध संपलं होतं. तुम्ही तिला राईबद्दल विचारत राहिलात आणि ती सांगत राहिली. गावाच्या बाजूनं गडग्याला दाट जाळ्या होत्या, आतून पाण्याचा आवाज यायचा पण पाणी दिसायचं नाही. हिरडे वेचताना एखादा गडग्याच्या आत घरंगळला तर तो सोडून द्यायचा. एकदा तिची धाकटी बहीण हात घालून हिरडा काढायला गेली, तेव्हा आजीनं तिला तिथंच बडवलं होतं. "भ्या वाटायचं," आई म्हणाली. "देवीचं न्हाई. मानसांचं."

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मग पर्समधून टेप काढलात आणि म्हणालात, "तुम्ही अशाच बसा हं. हलू नका." जमिनीपासून आईच्या डोळ्यांपर्यंतची उंची तुम्ही मोजलीत. आई संकोचून हसत होती, तिला वाटलं ब्लाउज शिवणार आहात. मी मात्र समजलो.

नवा आराखडा त्या मापावर झाला. उतार न छाटता एकामागे एक खाली उतरणाऱ्या बसक्या खोल्या, झाडांच्या फांद्यांखाली राहतील अशी कौलारू छपरं, मधून जोडणारी पडवी. झऱ्याला आडवं न जाता त्याच्यावरून दगडी फरशी टाकलेली. आणि राईच्या बाजूला बसाउठायचा लांबच लांब सोपा, त्याच्या खिडक्यांची खालची कड जमिनीपासून जेमतेम दीड फूट. खाली मांडी घालून बसलेल्या माणसाला फांद्यांखालून, गडग्यापलीकडे चढत गेलेली राईतली जमीन दिसावी, पाचोळा दिसावा, झऱ्याचं पाणी दिसावं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "अहो, साप आत येतील!" तुम्ही म्हणालात, "साप तीन फुटांवरूनही येतो." लॉन गेलं, कारंजं गेलं. दुष्काळ पडला तेव्हा खडी फोडायच्या कामावर आलेली माणसं त्या झऱ्याचंच पाणी प्यायली. लॉन असतं तर तेवढं पाणी लॉननंच पिऊन टाकलं असतं, हे मॅनेजरसाहेबांनीसुद्धा पुढे कबूल केलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुम्ही कंपनीची जीप पाठवून आईला बोलावून घेतलंत. उद्घाटनाला मोठमोठे साहेब येणार होते, तिथं तिला कुणी बसवलं नसतं, हे तुम्हीही जाणून होतात आणि मीही. आई नवं लुगडं नेसली होती. ती सोप्यात येऊन मांडी घालून बसली. संध्याकाळचं ऊन राईत तिरपं शिरलं होतं आणि झाडांचे बुंधे एकामागे एक उजळले होते. आपण दोघं मागे उभे होतो. तुमचा श्वास मला ऐकू येत होता.

आईनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "एवढीच व्हय?"

ती अजून थोडी पुढे वाकली.

"झाडंच हायेत की," ती म्हणाली. "मला वाटलं, आत काय तरी आसंल."

तुम्ही झटकन पाठ फिरवून बाहेर गेलात. मला वाटलं, तुम्ही नाराज झालात. बाहेर आलो तर तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून रडत होतात. मला पाहून चष्मा पुसलात आणि म्हणालात, "ओव्हाळ, त्या तिसऱ्या खोलीच्या दाराला पॉलिश राहिलंय. रंगाऱ्याला सांगा."

मी रंगाऱ्याला सांगायला गेलो. आपलं हे असंच होतं.

नंतरची दहा वर्षं मी तुमच्याबरोबर काढली. तुम्ही मला संध्याकाळच्या डिप्लोमाला घातलंत, फॉर्म स्वतः भरलात आणि नापास झालो तेव्हा आठ दिवस बोलला नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यात रेखाटन करणाऱ्याचं नाव असतं, तिथून उचलून माझं नाव तुमच्या नावाशेजारी, आराखडा करणाऱ्यांत आणलंत, आणि मॅनेजरसाहेबांनी भुवया उंचावल्या तेव्हा म्हणालात, "खिडकी त्यांची आहे." कौतुक कधी केलं नाहीत. माझ्या लग्नात बायकोला म्हणालात, "हा फार हट्टी माणूस आहे," आणि तिनं ते आजवर सोडलेलं नाही.

धोंडिबाही पुढे त्या सोप्यात येऊन बसायला लागला. म्हातारा झाला होता, नजर गेली होती. एकदा मला म्हणाला, "आता कोन इचारतंय? जा की आत, बघून ये." मी म्हणालो, "इथून दिसतंय." मी गेलो नाही. त्याच्यामागे त्याच्या पुतण्यांनी राईतली झाडं लाकडाच्या ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. तेव्हा ट्रक अडवून उभे राहिले ते मॅनेजरसाहेब, दुसरं कुणी नाही. परदेशी पाहुणे त्या खिडकीपाशी बसायलाच येतात, तिथून खुंट दाखवू का, असं म्हणाले. कंपनीनं पंचायतीशी बोलून ते थांबवलं. ही बातमी मी तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. त्या ठसक्याकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र आपण दहा वर्षांत पुन्हा बोललो नाही. तुम्ही आईला भेटलात, माप घेतलंत, खिडकी केलीत, माझं नाव लावलंत. मला सगळं समजत होतं. पण एवढं सगळं करूनही तुम्ही त्या दिवसाबद्दल एक वाक्य कधी म्हणाला नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही, की बाई, त्या दिवशी तुम्ही टेप का घेतलात?

मागच्या महिन्यात हॉस्पिटलात आलो तेव्हा तुमचा आवाज खोल गेला होता. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. "कुणी केलंय हे असलं डिझाईन," म्हणालात. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ओव्हाळ, त्या राईच्या दिवशी मी..."

मी मध्येच उठलो. "बाई, तुमच्या गोळीची वेळ झाली, सिस्टरना बोलावतो," म्हणालो. गोळीची वेळ झाली नव्हती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटले होते. झोपला होतात की नुसते मिटले होते, ते मी पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात निरोपच आला.

मी तुम्हाला बोलू दिलं नाही, बाई. तुम्ही माफी मागितली असती तर मला "असू द्या हो" म्हणावं लागलं असतं. आजारी माणसाला दुसरं काय म्हणतात? आणि ते खोटं झालं असतं. कदाचित तुम्ही माफी मागणारच नव्हतात. कदाचित म्हणणार होतात, की काम अडलं असतं. किंवा, की मी घाबरले होते. काहीही असेल. ते ऐकण्याएवढा धीर माझ्यात नव्हता, आणि आता ते कळायचा काही मार्ग राहिला नाही.

माझं उत्तर मात्र तयार होतं. तुम्ही आत जायला नको होतं, बाई. टेप गुंडाळून माझ्याबरोबर उतार उतरून जीपपर्यंत यायला हवं होतं. राई मापली नसती तर गेस्ट हाऊस थोडं कमी चांगलं झालं असतं, एवढंच. हे मला त्याच दिवशी वाकडच्या पुलावर म्हणायचं होतं. नंतरही कितीदा ओठांवर आलं. पण मला भीती वाटायची, की हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याशी पूर्वीसारख्या भांडणार नाही. पेन्सिल आपटणार नाही, चूक दाखवणार नाही, जपून बोलाल. तेवढं मला सोसलं नसतं.

गेले अकरा दिवस ऑफिसात सगळे माझ्याशी जपून बोलतायत.